जोत्याची उंची : नायगाव ते विरार

गुरुवार : भाईंदर जेट्टी, किल्ला, पाचूबंदर

भाईंदरहून वसई म्हणजे लोकलने दहा-बारा मिनिटं. या खेपेला मात्र मुद्दाम रो-रो बोटीने निघालो. भाईंदर पश्चिमेहून वसई किल्ल्याखालच्या जेट्टीपर्यंत ही सेवा २०२४च्या फेब्रुवारीत सुरू झाली. बोटीवर मोटरसायकली, रिक्षा, एक भाजीचा टेम्पो आणि आम्ही दोघं, म्हणजे मी आणि माझी भाची. ती आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे.

बोट धरण्याचं कारण असं की खाडीच्या मध्यावर आलं की पाणी आणि काठाची जमीन एका नजरेत येतात. उजव्या हाताला रेल्वेचे पूल आणि त्यांच्या पोटात पाणजू बेट, डावीकडे उत्तन-डोंगरीचा किनारा, समोर किल्ल्याची तटबंदी. ओहोटी होती. तिवरांची मुळं उघडी पडली होती, आणि त्यांच्यामागे नायगावचे टॉवर जणू चिखलातूनच वर आल्यासारखे दिसत होते.

“मामा, तिकडची जमीन एवढीच उंच आहे?” भाचीने विचारलं.

गेली काही वर्षं मी ज्या प्रश्नासाठी वसई तालुक्यात कॅमेरा घेऊन फिरतो, तो हाच. शहर वाढतंय म्हटलं की सगळे मजले मोजतात. नायगाव ते विरार या पट्ट्यात मी जोतं, म्हणजे घराचा जमिनीवर उचललेला चौथरा, बघतो. इथली पश्चिमेची जमीन मुळात भरतीच्या पातळीच्या जेमतेम वर. खाजण (भरतीचं पाणी जिथे येतं-जातं ती सखल दलदल), मिठागर, भातखाचर, वाडी असे तिचे प्रकार, आणि प्रत्येकाचा पाण्याशी वेगळा व्यवहार. नवी इमारत यायची असते तेव्हा आधी भराव येतो. प्लॉट तीन-चार फूट उचलला जातो, मग त्याला मिळता रस्ता उचलतात, मग गटार. शेजारचं जुनं घर होतं तिथेच राहतं आणि बघता बघता खड्ड्यात जातं. म्हणून माझ्या प्रत्येक फोटोत दोन गोष्टी हव्यातच : जुनं जोतं आणि नवा रस्ता. टॉवरचा शेंडा कापला गेला तरी चालतो.

सामानात ट्रायपॉड, ३५ मिमीची एकच लेन्स, मीटर टेप आणि गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी. लेन्स एकच ठेवतो, कारण पुढच्या वर्षी त्याच जागी उभं राहून तीच चौकट लावायची असते. ट्रायपॉड नेहमी माझ्या डोळ्याच्या उंचीला. वहीत जागा, वेळ, दिशा आणि जवळची न हलणारी खूण लिहून ठेवतो. विजेचा खांब खूण म्हणून चालत नाही, तो रस्त्याबरोबर सरकतो. चर्चची पायरी, विहिरीचा कठडा, देवळाचा पार चालतो.

किल्ल्यात फार थांबलो नाही. १५३४ साली हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असतं. मला तटाच्या बाहेरचं पाचूबंदर हवं होतं. वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, बोंबील सुकत घातले होते, ओटीवर जाळी विणणं चाललं होतं. कोळीवाड्यातली घरं एकमेकांना खेटून आहेत आणि जमीन वाढवायला जागाच नाही, त्यामुळे इथे बदल सरळ वर जातो. तळमजला कौलारू काळातला, त्यावर सिमेंटचा मजला, त्यावर पत्र्याची शेड. समुद्राकडच्या रांगेतल्या एका घरावरची तिरकी उन्हं धरली. त्याच्या जोत्याला लाटांनी खाल्लेला चुना दिसतो. मुक्काम पापडीला, ओळखीच्यांकडे.

शुक्रवार : राजावलीची मिठागरं, जूचंद्रचा डोंगर

माघी पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. उधाणाच्या भरतीचे दिवस, म्हणजे मिठागरात पाणी घ्यायचे दिवस. पहाटेच नायगाव पूर्वेला उतरलो आणि राजावलीकडच्या बांधावर आलो.

मिठागर लांबून बघणाऱ्याला चौकोनी डबकी दिसतात. बांधावर तासभर बसलं की कळतं, ही पातळ्यांची फार बारीक रचना आहे. उधाणाला उघडीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, खाडीचं पाणी मोठ्या तळ्यात घ्यायचं. तिथून ते उथळ वाफ्यांमधून फिरवत आटवत न्यायचं, आणि पुरेसं दाट झालं की शेवटच्या वाफ्यात सोडायचं. एका वाफ्यातून दुसऱ्यात जाताना उतार बोट-दोन बोटांचा. पंप नाही, फक्त जमिनीची समज. शेवटच्या वाफ्याची भुई पायाने तुडवून इतकी घट्ट केलेली असते की अनवाणी चाललं तरी ठसा उमटत नाही. लांब दांड्याच्या लाकडी फळीने मीठ ओढून बांधावर ढीग लावतात. पावसाळा लागायच्या आत ते उचललं किंवा गवताने झाकलं गेलं पाहिजे.

आम्ही पोचलो तेव्हा एक बाई आणि दोन पुरुष मीठ ओढत होते. फोटो काढण्याआधी मी विचारतोच. बाईंनी पदर सावरला आणि म्हणाल्या, “माझा नको, मिठाचा काढा.” मग मिठाचाच काढला. वाफ्यात पाणी दोन-तीन इंच, त्यात आकाश, खाली पांढऱ्या खड्यांची जेमतेम धरलेली साय, आणि चौकटीच्या वरच्या कडेला बावीस-तेवीस मजल्यांच्या इमारतीचं उलटं प्रतिबिंब. ते तसंच ठेवलं. सरळ इमारत चौकटीत घेतली नाही.

या पट्ट्यातलं बरंचसं खाजण आता भरावाखाली आहे. त्याचं मोल २०१८च्या जुलैत कळलं. नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, वसई-विरारची लोकल बंद पडली, वडोदरा एक्स्प्रेस अडकली, आणि वसईच्या मिठागरांमध्ये राहणारी शेकडो माणसं पाण्याने वेढली गेली. पावसाचं पाणी भरती उतरेपर्यंत जिथे थांबायचं, ती जागा म्हणजे हे खाजण. ते उचललं की पाणी दुसरी खोलगट जागा शोधतं, आणि ती कुणाची तरी पडवी असते.

कांदळवनाला, म्हणजे तिवरांच्या जंगलाला, कायद्याचं संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली तिवरांची तोड आणि त्यांच्या भोवतीच्या ५० मीटरांतलं बांधकाम थांबवणारा आदेश दिला. बांधावर उभं राहिल्यावर मात्र दिसतं की तिवर तोडल्याशिवायही मारता येतं. भरतीची वाट मातीने बंद केली की पुरे. एका जागी तिवरांचे उभे, पांढरे पडलेले खुंट दिसले. जवळच ताजा मुरूम. तिथे दोन फोटो घेतले, एक दूरचा आणि एक जिथे वाट बुजवली होती त्या तोंडाचा. पुढे कुणी विचारलंच तर दुसरा फोटो कामाचा आहे.

दुपारी जूचंद्र. वसई-दिवा मार्गावरचं हे आगरी वस्तीचं गाव रांगोळीसाठी महाराष्ट्रभर नावाजलेलं आहे. दिवाळीत इथल्या कलाकारांच्या रांगोळ्या बघायला मुंबईहून माणसं येतात. गावाशेजारच्या डोंगरावर चंडिका देवीचं मंदिर. पायऱ्या चढून गेलं की सगळा पट्टा नकाशासारखा उलगडतो. तिथून दरवर्षी चार चौकटी जोडून एकच आडवं दृश्य घेतो. जुनं चित्र भाचीच्या फोनवर होतं, ते समोर धरून तिने खुणा जुळवल्या. तीन हिवाळ्यांपूर्वी जिथे राखाडी-निळे वाफे होते तिथे आता तांबडी पाटी पसरल्यासारखा मुरूम आहे. इमारत अजून एकही नाही. चित्रात बदललाय तो फक्त जमिनीचा रंग, आणि मला या फोटोत सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं. इमारत दिसायला लागली की लोक म्हणतात गाव बदललं. खरं तर ते या तांबड्या पाटीच्या दिवशीच बदललेलं असतं.

शनिवार : सोपारा

नालासोपारा स्टेशनच्या पश्चिमेला थोडं आत गेलं की सोपाऱ्याचा स्तूप. प्राचीन शूर्पारक बंदर ते हेच. इथलं टेकाड लोक ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते खणलं, तेव्हा दगडी करंडकात एकात एक ठेवलेल्या डब्या, सोन्याची फुलं आणि बुद्धमूर्ती निघाल्या. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यातच त्यांच्या हाती लागला. भगवानलाल हे डॉ. भाऊ दाजी लाडांच्या हाताखाली तयार झालेले, आणि भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी हे मुंबईतल्या अगदी पहिल्या भारतीय छायाचित्रकारांपैकी. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली तिच्यात ते होते. त्या काळातला कॅमेरा सोपाऱ्याच्या टेकाडावर लागला असता तर आजूबाजूचं पाणी कुठवर होतं ते दिसलं असतं, असं तिथे उभं राहिलं की दरवेळी मनात येतं. बंदर गाळाने भरलं ते शेकडो वर्षांत. आत्ताचा भराव एका उन्हाळ्यात होतो.

स्तूपाच्या आवारात शांतता आहे, झाडं आहेत. एक फोटो घेतला आणि पूर्वेला गेलो, कारण मला जे दाखवायचं आहे ते तिथे जास्त ठळक आहे.

नालासोपारा पूर्व म्हणजे मुंबईत काम करणाऱ्या, पण मुंबईत घर न परवडणाऱ्या माणसांचं गाव. २०११च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांवर होती. ही माणसं एवढ्या झपाट्याने आली की घरं आधी झाली आणि रस्ता, गटार, पाणी मागून आलं. काही मागून आलंच नाही. आरक्षित जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतींचं काय होतं ते २०२५च्या सुरुवातीला अख्ख्या राज्याने पाहिलं. सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जमिनीवरच्या ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. घर घेणाऱ्यांनी पैसे मोजले होते, कागद पाहिले होते. ती मोकळी झालेली जागा मी लांबूनच टिपली. ज्यांचं घर गेलंय त्यांच्यासमोर ट्रायपॉड लावून उभं राहणं मला जमत नाही, आणि जमू नये असंच वाटतं.

दुपारभर मग एका बैठ्या चाळीत होतो. गल्लीचं काँक्रीटीकरण झालंय, एकावर एक थर. त्यामुळे प्रत्येक दारात उंबरठ्याच्या जागी विटांची आडवी भिंत घातली आहे, गुडघ्याला लागेल एवढी. ती ओलांडूनच घरात जायचं. लहान मुलं सराईतपणे बसून पाय टाकतात. म्हाताऱ्यांसाठी आतून-बाहेरून सिमेंटचा एकेक ठोकळा ठेवलाय. एका ताईंनी आत बोलावलं.

“दोनदा लादी चढवली आम्ही,” त्या म्हणाल्या. “भाऊ, पंख्याला हात लावून बघा.”

हात वर केला तर पंख्याच्या पात्याला खरंच टेकला. जमीन दोनदा उचलली, पत्रा मात्र जिथल्या तिथे. दरवाजाही वरून कापलेला नव्हता, खालून कापलेला होता. कडी आता कमरेच्या खाली आली आहे. भाचीने टेप लावली : लादी ते पत्रा, कडेला सहा फूट नऊ इंच. खोलीतली ती कडी मी जवळून टिपली. पितळेची, बोटांनी घासून गुळगुळीत झालेली, तिच्याखाली जमीन फक्त अडीच फूट. ही चाळ अनधिकृत की अधिकृत हा प्रश्न मला तिथे बसून महत्त्वाचा वाटला नाही. त्या खोलीत चार माणसं राहतात आणि दर पावसाळ्यात पलंगाखाली विटा सरकवतात.

रविवार : गास, निर्मळ, भुईगाव

रूळ ओलांडून पश्चिमेच्या गावांत आलं की हवा बदलते, हे इथल्या कुणालाही विचारा. केळी, नारळ, पानवेली, सोनचाफा, अळू. सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, सुटली होती. गासच्या चर्चमधून माणसं बाहेर येत होती, काही वृद्ध स्त्रिया अजूनही लाल लुगड्यात. हे चर्च गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचं. ते मूळचे वसईचे, १५९७ साली जपानमध्ये नागासाकीला त्यांना मारलं गेलं आणि १८६२ साली रोमने त्यांना संत घोषित केलं.

या हिरव्या पट्ट्यासाठी इथल्या लोकांनी मोठा लढा दिलाय. १९८०च्या दशकाच्या अखेरीस टँकर गावागावांतल्या विहिरी उपसून शहराला पाणी विकत होते. १९९० साली सिडको नियोजन प्राधिकरण झालं आणि वाड्यांवर बांधकामाचं सावट आलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, हजारो माणसं रस्त्यावर उतरली. दिब्रिटोंना महाराष्ट्र २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ओळखतो, पण वसईत त्यांचं नाव निघतं ते आधी पाण्याच्या बोलण्यात. २०२४च्या जुलैत ते गेले.

टँकरवरचा राग समजून घ्यायचा तर जमिनीखालची गोष्ट माहीत हवी. किनाऱ्यालगत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. वरून पाऊस मुरत राहिला तर खारं पाणी खाली दबून राहतं. उपसा वाढला की ते वर चढतं, विहीर मचूळ होते, केळीचं पान कडेने जळायला लागतं. हे मुरवण्याचं काम करतात ती बावखलं. वाडीत खणलेली छोटी तळी, पिढ्यान्‌पिढ्यांची. त्यातली माती वाडीच्या आळ्यांना, पाणी झाडांना, आणि पावसाळ्यात आजूबाजूच्या घरांचं पाणी त्यांच्या पोटात. २०१८च्या पुरानंतर महापालिकेने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने धारण तलावांची शिफारस केली होती. धारण तलाव म्हणजे दुसरं काय, मोठी बावखलंच.

निर्मळच्या तळ्याकाठी थोडं थांबून भुईगावकडे निघालो. अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा १९५६ साली याच गावात मिळाला, तेव्हा सोपाऱ्याचं आणि या वाड्यांचं नातं जुनं आहे. एका ओळखीच्या काकांची वाडी इथे आहे. त्यांचं बावखल जिवंत आहे. लांबीला पन्नासेक पावलं, काठावर माड, पाण्यात कमळाची पानं, एका फांदीवर खंड्या. काकांनी ते गेल्या उन्हाळ्यात गाळ काढून साफ केलं.

“शेजारच्यांनी त्यांचं बुजवलं,” ते म्हणाले. “मी बोललो नाही. त्यांची पोरगी लग्नाची, जागा हवी होती. पण आता त्यांचं पावसाचं पाणी माझ्याकडे येतं, आणि येऊ दे. जागा आहे तोवर घेईन.”

दोन्ही जागा मी एकाच चौकटीत घेतल्या. डावीकडे पाणी, उजवीकडे मुरूम आणि त्यावर उभ्या सळया, मध्ये करवंदीचं कुंपण. प्रकाश कडक होता, म्हणून ढग येईपर्यंत काकूंनी दिलेली सुकेळी खात बसलो. सुकेळी उन्हात वाळवलेल्या केळ्यांची, मधासारखी चिकट.

परतताना रस्त्यालगतच्या एका जुन्या घरापाशी थांबलो. मंगलोरी कौलं, लाकडी कठड्याची ओटी. आजी ओटीवर फुलं निवडत होत्या. भाचीने सांगितलं आम्ही काय करतोय, तर त्या उठून कडेला आल्या.

“मी लग्न होऊन आले तेव्हा इथे चार पायऱ्या होत्या. वरात यायची तेव्हा नवऱ्यामुलीला चढताना धरायला लागायचं. बघ आता.”

आता अर्धीच पायरी दिसते. लेव्हलची नळी काढली. विहिरीच्या पाण्याने भरली, बुडबुडे टिचक्या मारून घालवले. भाचीने एक टोक ओटीच्या काठाशी धरलं, मी दुसरं रस्त्याच्या मध्यावर. पाणी वर-खाली झालं आणि दोन्हीकडे एका पातळीला थांबलं. टेप लावली. ओटी रस्त्याच्या मध्यापेक्षा फक्त चार इंच वर. एक पायरी सात इंचांची धरली तर दोन फूट जोतं रस्त्याखाली गेलंय. आजींनी आम्हाला आत नेऊन माजघराच्या भिंतीवरची पेन्सिलची रेघ दाखवली, २०१८च्या पाण्याची. ती जमिनीपासून दीड वीत. रेघेखाली नातवाच्या अक्षरात तारीख. ती भिंत, रेघ आणि आजींचा रेघेवर ठेवलेला हात, असा फोटो त्यांनीच काढायला लावला. “हात असू दे, म्हणजे केवढं पाणी ते कळेल,” म्हणाल्या. मोजमापाची पट्टी लावून मी जे करतो, ते त्यांनी हाताने केलं.

सोमवार : महामार्गाच्या पूर्वेला

हा दिवस छोटा. खाजण उचलायला माती लागते ती येते कुठून, एवढंच बघायचं होतं. अहमदाबाद महामार्ग ओलांडला की तुंगारेश्वरच्या रांगा सुरू होतात. अभयारण्याचा भाग हिरवा, पण बाहेरच्या टेकड्यांना पायथ्याशी जागोजागी ओरखडे आहेत. एका कापलेल्या टेकडीचा फोटो रस्त्याच्या पलीकडूनच घेतला, धुळीत सगळंच विटकरी होतं.

चहाच्या टपरीवर भाचीने वहीत हिशोब मांडला. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. चार फूट भरायचा तर ४,३५६ घनफूट, म्हणजे साधारण साडेत्रेचाळीस ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). एका एकराला १,७४० ब्रासच्या वर. पाच ब्रासचा एक डंपर धरला तर एकरी साडेतीनशे खेपा, आणि दबाई केल्यावर बसणारी माती त्यात धरलेली नाही. जूचंद्रच्या डोंगरावरून दिसलेली ती तांबडी पाटी कित्येक एकरांची. तेवढा डोंगर कुठून तरी कमी झालाय. या दोन चित्रांना मी आता शेजारी शेजारीच लावणार आहे. ती वेगळी दाखवण्यात अर्थ नाही.

मंगळवार : विरार पश्चिम, चिखलडोंगरी

विरार हे उपनगरी रेल्वेचं जुनं टोक. विरारहून मुंबईच्या बॅकबे स्टेशनकडे पहिली गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी धावली, आणि १९३६ साली इथवर विजेची लोकल आली. इतकी वर्षं गाडी होती तरी स्टेशनच्या पश्चिमेला भातशेती टिकून राहिली. ती गेली ती गेल्या वीसेक वर्षांत. बोळींजला म्हाडाचे मनोरे, डोंगरपाड्याला मोठी संकुलं, रुंद रस्ते, दुतर्फा बदाम आणि गुलमोहर. टीका करायची म्हणून मी हे लिहीत नाही. संध्याकाळी या रस्त्यांवर मुलं सायकली शिकत होती, बायका फिरायला निघाल्या होत्या, बाकांवर माणसं गप्पा मारत होती. डोंबिवली-भांडुपच्या दहा बाय बाराच्या खोलीतून इथे आलेल्या माणसाला खिडकीतून आकाश मिळालंय. त्याचा आनंद खरा आहे, आणि तोही फोटोत आला पाहिजे. एका गच्चीवर परवानगीने चढून मी चार वाळत घातलेल्या चादरी आणि त्यांच्यामागची वैतरणेकडची खाजणं अशी एक चौकट घेतली.

रस्ता संपतो तिथून चिखलडोंगरीकडची वाट खाली उतरते. खरोखरच उतरते : नवा रस्ता जिथे थांबलाय तिथे पाच फुटांचा कडा आहे, आणि खाली एक शेत. भात कापून झालेला, त्याच ओलीवर वाल. बांधावर एक शेतकरी बाबा वालाच्या शेंगा तोडत होते. कड्याच्या अंगातून काँक्रीटचे दोन पाइप बाहेर आलेले, तोंडं त्यांच्या शेताकडे.

“हे कशाचे?” भाचीने विचारलं.

“वरच्या रस्त्याच्या पाण्याचे. पूर्वी हा सगळा एकच उतार होता, पाणी पसरून जायचं. आता एका जागी पडतं. आषाढात बांध फुटतो, मी परत घालतो. विकायचं तर रोज माणूस येतो विचारायला.” त्यांनी मूठभर शेंगा भाचीच्या हातात दिल्या. “तुम्ही फोटो काढता ते बरंय. पण आता काय दिसणार? वाल दिसेल.”

तरी काढला. कड्याच्या वरून एक, खालून एक. खालच्या चौकटीत बाबा बांधावर उभे, पाइपांची तोंडं त्यांच्या छातीच्या उंचीला, त्यांच्या वर रस्त्याची कड आणि तिच्यावर थांबलेली शाळेची बस. टेपने मोजलं : पाच फूट दोन इंच. वहीत खूण म्हणून शेताच्या कोपऱ्यातलं करंजाचं झाड लिहायला घेतलं, तर बाबा म्हणाले, “झाड नको लिहू, ते रस्त्यात जाणारे. माझी विहीर लिही.” विहीर लिहिली.

निघताना त्यांनी भाचीचा नंबर फोनमध्ये घालून घेतला आणि नीट सेव्ह झालाय ना ते दोनदा विचारलं. “बांध फुटला की मिसकॉल देतो. विरार स्टेशनहून रिक्षाला वीस मिनिटं. पण अमावास्येच्या पुढेमागेच या, भरती मोठी असते. आणि पायात गमबूट घालून या.”